भावाची अप्रेंटिसशिप: आधी करार बघा, मग कामाला लागा

२०२३ ला माझा धाकटा भाऊ नाशिकच्या त्र्यंबक रोडच्या सरकारी आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड पास झाला. आम्ही सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं लागेल कुठंतरी, आणि लागला पण, आठ दिवसात. तिथंच आमची चूक झाली.

त्या कंपनीने सांगितलं अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून घेतो, झेरॉक्स द्या, उद्यापासून या. हा रोज जायचा, मशीनखालची चिप्स, म्हणजे धातूचा कीस, उचलायचा, जॉबची, म्हणजे कापलेल्या तुकड्याची, बर (धारदार कडा) काढायचा, व्हीएमसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, कंट्रोल पॅनलला कोणी हात लावू दिला नाही. महिन्याला रोख पैसे हातात. तीन महिने असेच गेले आणि मग त्याच्या वर्गातल्या एका पोराने सहज विचारलं की तुझा कॉन्ट्रॅक्ट नंबर काय आला रे, तर याला कॉन्ट्रॅक्ट असतो हेच माहीत नाही. ताई, हे काय असतं म्हणून मला विचारायला आला. मी बीएस्सी झालेय, ट्यूशन घेते, पण मलाही माहीत नव्हतं.

मग शोधलं. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, त्यात ट्रेनिंग करार झाल्या तारखेपासूनच धरतात. करार नाही म्हणजे हे तीन महिने कुठंच मोजले जाणार नाहीत, वर्ष संपल्यावर परीक्षेला बसता येणार नाही. मला त्या रात्री झोप नाही लागली, खरंच. पप्पा म्हणाले राहू दे, चार पैसे तर येताहेत. मी ऐकलं नाही, त्याला तिथून काढलं.

मग सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवायला बसलो. फॉर्म सोपा आहे पण मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, त्यात पप्पांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं, ते जुळेना. आधार सेंटरला दोन खेपा झाल्या. ज्यांची मुलं आता आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी हे आत्ताच बघून घ्या, पास झाल्यावर नको. आणि बँकेत आधार लिंक आहे एवढं ऐकून परत येऊ नका. सरकारी पैसे थेट खात्यात यायला (त्याला डीबीटी म्हणतात) आधारची वेगळी जोडणी, सीडिंग, लागते, आम्हाला हे पैसे अडकल्यावर समजलं.

ओझरच्या एचएएललाही, विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, अर्ज टाकला होता, नंबर लागला नाही. शेवटी सातपूरला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये गेलो. मी सोबत गेले आणि पहिलाच प्रश्न केला, करार पोर्टलवर कधी करणार? तिथल्या मॅडम म्हणाल्या आत्ता बसा, करूनच जा. आयटीआयवाल्यांना तेव्हा किमान ७००० स्टायपेंड होता, त्यातले १५०० सरकार थेट खात्यात टाकायचं, बाकीचे कंपनी द्यायची.

तिथे पहिला महिना फक्त मोजमाप. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापं घ्यायची साधनं, व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. मशीन लावून देणारे सेटर काका एकच शाफ्ट दहा वेळा मोजायला लावायचे आणि दहाही रीडिंग लिहायला सांगायचे. हा घरी येऊन स्टीलच्या पेल्याची जाडी मोजायचा, आई ओरडायची. एक दिवस वही घेऊन आला, म्हणाला ताई साइन परत शिकव. त्यांच्याकडे साइन बार होता, कोन लावायची पोलादी पट्टी, १०० मिमीची, ३० अंशाला लावायची तर एका टोकाखाली किती उंचीचे स्लिप गेज, म्हणजे मापाचे ठोकळे, ठेवायचे? साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणजे ५० मिमी. दहावीत त्रिकोणमितीला घाबरून रडलेला मुलगा, आणि आता स्वतः ३५ अंशाचं, २२ अंशाचं गणित काढत बसला होता, जेवायला उठेना. मी त्याला इतकी वर्षं शिकवलं पण त्या बारने जे केलं ते माझ्या फळ्यावर कधी झालं नाही.

चौथ्या महिन्यात काकांनी त्याला जॉबचा झिरो, म्हणजे मापं जिथून सुरू होतात तो बिंदू, घ्यायला शिकवलं, मशीनच्या जी५४ सेटिंगमध्ये त्याचं अंतर (ऑफसेट) कसं टाकायचं ते. पहिल्यांदा चुकला, टूल जॉबमध्ये घुसला, इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं पातं, तुटला. काकांनी मशीन थांबवलं, कुठं चुकलं ते त्याच्याकडूनच काढून घेतलं आणि परत त्यालाच करायला लावलं. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

वर्ष झाल्यावर परीक्षा, थिअरी आणि प्रॅक्टिकल. पास झाला, नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळालं. त्याच युनिटने त्याला व्हीएमसी ऑपरेटर म्हणून ठेवलंय, सध्या सेकंड शिफ्ट आहे. दहावी आणि दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो अर्ज भरायचा त्याच्या मनात आहे. कागदपत्रांची फाइल यावेळी त्याने स्वतः लावलीय, पप्पांच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच.