युरेनसवर पीएचडी आणि सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म: माझा अनुभव

ऑफर लेटर, स्कॉलरशिप, मेडिकल हे सगळं फटाफट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या एका फॉर्मने माझे अडीच महिने खाल्ले आणि अजून आठवलं की डोकं तापतं. फिजिक्सच्या पीएचडीला परदेशी जाताना काही ठिकाणी व्हिसाच्या आधी तिकडच्या सरकारचं क्लिअरन्स लागतं, ते हातात आल्याशिवाय व्हिसाचं काही हलत नाही.

माझा विषय युरेनसचं वरचं वातावरण. फॉर्ममध्ये एक बॉक्स असतो, रिसर्चमध्ये नक्की काय करणार ते लिहा. मी गाईडच्या प्रपोजलमधलंच उचलून टाकलं, आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर), प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), हाय एनर्जी इलेक्ट्रॉन, आणि युरेनस हा शब्द थेट चौथ्या ओळीत! पाच आठवडे नुसतं 'प्रलंबित'. रोज सकाळी उठल्या उठल्या आधी मेल बघायचे. मेल केला तर तेच ठरलेलं उत्तर, वाट बघा. सहाव्या आठवड्यात प्रश्न आले, हे तंत्र पृथ्वीच्या आयनोस्फिअरला वापरता येतं का, उपकरणं कोणती, डेटा कोणाला देणार. अहो, ग्रह तीनशे कोटी किलोमीटरवर आहे! आयनोस्फिअर म्हटलं की लोकांना रेडिओ आणि रडारच आठवतं. रडकुंडीला आले होते.

त्या रात्री ताईला फोनवर सगळं समजावत बसले. युरेनसवर हायड्रोजन भरपूर, उन्हाने किंवा ऑरोराच्या (चुंबकीय ध्रुवांजवळ दिसणाऱ्या प्रकाशाच्या) इलेक्ट्रॉनने त्याच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवला की उरलेला आयन दुसऱ्या रेणूवर आदळतो आणि तीन हायड्रोजनचा एच-थ्री-प्लस बनतो. हा इन्फ्रारेडमध्ये चमकतो, ३ ते ४ मायक्रॉनला, आणि त्याच पट्ट्यातलं ऊन खालचा मिथेन गिळतो, म्हणून ग्रह काळपट आणि वरचा थर उजळ दिसतो. एच-थ्री-प्लसच्या प्रकाशातल्या वेगवेगळ्या रेषा एकमेकींच्या तुलनेत किती उजळ आहेत ते मोजलं की तापमान कळतं. तिथे यान गेलंय एकदाच, व्हॉयेजर २, जानेवारी १९८६ मध्ये, पण १९९२ पासून पृथ्वीवरच्या दुर्बिणींतून हे मोजतायत आणि तो थर वर्षानुवर्षं थंड होत चाललाय. गुरूचं वेगळंच, नुसत्या उन्हाच्या हिशोबाने जिथे उणे ७० अंश असायला हवं तिथे ४०० च्या वर, कारण ध्रुवांकडची ऑरोराची उष्णता खाली विषुववृत्तापर्यंत पसरते.

ताई शाळेत इतिहास शिकवते. म्हणाली, "अगं, मला कळलं की! मग हेच लिही ना त्यांना."

हेच लिहिलं. पहिल्या शब्दात युरेनस, आणि स्पष्ट लिहिलं की नवीन उपकरण काही बनवणार नाही, हवाईमधल्या मौना केआवरच्या दुर्बिणींनी आधीच घेतलेले स्पेक्ट्रा (प्रकाशाचे वर्णपट) वापरणार. गाईडनेही त्याला धरूनच पत्र दिलं. एकोणीस दिवसांत मंजुरी.

तर प्लाझ्मा, आयनोस्फिअर, मॅग्नेटोस्फिअर असलं काही असेल तर ग्रहाचं नाव सगळ्यात आधी लिहा आणि काय करणार नाही तेही लिहा. ऑफर आल्या दिवशीच हा फॉर्म भरा, मी तीन आठवडे उगाच थांबले. रेफरीचा (शिफारस देणाऱ्या प्राध्यापकांचा) मेल कॉलेजचाच द्या, जीमेल नको. हो, आणि बॉक्समधला मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवा, पेज मध्येच लॉगआउट होतं, माझा दोनदा उडाला.

मंजुरीचा मेल रात्री पावणेतीनला आला. आईला उठवलं, दोघींनी चहा केला आणि तेव्हाच बसून व्हिसाचा फॉर्म भरून टाकला.