सरकारी निवेदन आणि मूळ कागद

सरकार सांगते त्यावर कधीच विश्वास ठेवू नये, असे म्हणणे मला तितकेच बेजबाबदारपणाचे वाटते, जितके डोळे झाकून विश्वास ठेवणे. वादळाचा इशारा, साथीतील मृत्यूंची संख्या, जनगणना यांतले काहीच सामान्य नागरिकाला स्वतः पडताळून पाहता येत नाही आणि त्यांच्यावाचून त्याचे भागतही नाही. त्यामुळे दिलेली माहिती खोटी असेल तर ती उघडकीस आणण्याची सोय शिल्लक आहे का, एवढे तरी त्याने तपासलेच पाहिजे.

१५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली आणि तीत अखेर ९७ जणांचा जीव गेला. पोलिसांनी दोष प्रेक्षकांच्या माथी मारला. पुढे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागदपत्रे उघडली, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबाबांत मोठे फेरफार झालेले आढळले. त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा ठरणारा मजकूर काढलेला किंवा बदललेला होता. हे कळले, कारण फेरफाराआधीचे जबाबही जपलेले होते. २०१६ मध्ये ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरवले, पण त्यासाठी मृतांच्या नातेवाइकांना २७ वर्षे झगडावे लागले, तेही न्यायालये आणि वृत्तपत्रे मोकळी असलेल्या देशात. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

स्वातंत्र्याबद्दलची ग्वाही हेही शेवटी सरकारी निवेदनच असते. सोव्हिएत संघाच्या १९३६ च्या संविधानात, १२५ व्या कलमात, भाषणाचे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य दिलेले होते. पुढच्या दोन वर्षांत त्याच राज्याने लाखो माणसांना गोळ्या घातल्या. म्हणून कलम वाचून माझे समाधान होत नाही. वरिष्ठांच्या आकड्यावर हरकत घेणाऱ्या कारकुनाची नोकरी टिकते का, त्याच्या बाजूने कोणी छापू शकते का, हे मला पाहावेसे वाटते.

सरकारी कागद पाहण्याचा नागरिकांचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्यात घातला. आज असे कायदे अनेक देशांत आहेत, परंतु सुरक्षेच्या नावाखाली त्यांतून एकेक खाते वगळले जाते आणि त्याची बातमीही होत नाही. एखाद्या खोट्या निवेदनापेक्षा मला या वगळण्याची अधिक धास्ती वाटते.