जीएमडीएसएसचं सर्टिफिकेट आणि माझ्या नावाचे तीन खाने

जीएमडीएसएसचा, म्हणजे जहाजावरून रेडिओने संकटाचा इशारा देण्याच्या आणि संपर्क करण्याच्या जागतिक यंत्रणेचा कोर्स अवघड नाही. परीक्षाही नीट अभ्यास केला तर निघते. माझा जीव खाल्ला तो कोर्सच्या दाखल्यावर छापलेल्या नावाने. राग अजून गेलेला नाही, आणि हा घोळ महाराष्ट्र बोर्डातून दहावी झालेल्या कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी नाशिकची. डेक कॅडेट, म्हणजे जहाजावरची शिकाऊ अधिकारी, म्हणून सी टाइम (समुद्रावरची ठरलेली सेवा) पूर्ण करून घरी आले होते. "नाशिकला कुठे समुद्र?" हा प्रश्न नातेवाईक अजून विचारतात, तो सोडून देऊ. सेकंड मेट, म्हणजे जहाजावरची डेक ऑफिसर, व्हायचं तर सीओसीच्या (त्या पदाच्या पात्रता-प्रमाणपत्राच्या) जोडीला जीएमडीएसएसचं जनरल ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे जीओसी, लागतंच. १ फेब्रुवारी १९९९ पासून ही यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि जहाजावर मोर्स वाजवणारा वेगळा रेडिओ ऑफिसर राहिला नाही. त्याचं काम ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षातल्या, डेक ऑफिसरकडे आलं. आपल्याकडे परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी विंग (रेडिओ परवाने बघणारी शाखा) घेते. कोर्स मात्र डीजी शिपिंगची (जहाजवाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेत करायचा, आणि त्यातल्या बहुतेक मुंबई-नवी मुंबईकडे आहेत. मी नवी मुंबईत पेइंग गेस्ट राहून केला.

कोर्सबद्दल सांगण्यासारखं फार नाही. शिकवणारे कॅप्टन उत्तम होते, सिम्युलेटर चालू होता, मेसही बरी होती.

घोळ शेवटच्या दिवशी कळला. परीक्षेच्या अर्जाला जोडायचा दाखला हातात आला आणि त्यावरचं नाव वाचून मला क्षणभर वाटलं की दुसऱ्याच कुणाचा आलाय. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग आपलं नाव, मग वडिलांचं. संस्थेच्या क्लार्कने मार्कशीट समोर ठेवून फर्स्ट, मिडल आणि लास्ट हे तीन खाने त्याच क्रमाने भरले होते. त्यामुळे माझं आडनाव झालं पहिलं नाव, मी गेले मधे आणि बाबांचं नाव झालं माझं आडनाव. पासपोर्टवर सगळं व्यवस्थित आहे: गिव्हन नेममध्ये माझं आणि बाबांचं नाव, सरनेममध्ये आडनाव. सीडीसी (जहाजावर काम करणाऱ्याचं सेवापुस्तक) आणि इन्डॉस नंबर (डीजी शिपिंगकडचा नोंदणी क्रमांक) हेही त्याप्रमाणेच. चुकलेला कागद एकच होता, आणि तो संस्थेने बनवलेला होता.

खिडकीवर गेले. "मॅडम, मार्कशीटप्रमाणेच भरलंय. बरोबर आहे." मी पासपोर्ट दाखवला. "मग तुमच्या दोन कागदांवर दोन नावं आहेत. ॲफिडेव्हिट करून आणा." नाशिकला परत. जिल्हा न्यायालयाबाहेर, सीबीएसजवळ, टायपिंगवाल्या काकांनी झटक्यात मजकूर करून दिला: ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. नोटरीचा शिक्का घेतला आणि पहाटेच्या अंधारात नाशिक रोड गाठून पुन्हा पंचवटी एक्सप्रेस धरली. खिडकीवर उत्तर मिळालं, "नोटरी चालत नाही, मॅजिस्ट्रेटसमोरचं आणा." तेही आणलं. तर तिथे दुसरेच गृहस्थ बसलेले. ते म्हणाले, "नावात बदल म्हणजे गॅझेट लागेल."

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "नाव बदललेलंच नाही, तर गॅझेट कशाला?" खरं म्हणजे हा प्रश्न खिडकीवर मीच विचारायला हवा होता असं नाही, तो त्या माणसाला आपणहून पडायला हवा होता. मार्कशीटवर आणि पासपोर्टवर शब्द तेच तीन आहेत, स्पेलिंग तेच आहे, जन्मतारीख तीच आहे. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाला आपल्या बोर्डाची आडनाव आधी लिहायची पद्धत माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. दरम्यान परीक्षेच्या अर्जाची मुदत जवळ येत होती. ती गेली की पुढच्या परीक्षेपर्यंत थांबा, मग सेकंड मेटची तयारी मागे, मग जॉइनिंग मागे. कंपनी कुणासाठी जागा धरून ठेवत नाही. प्रत्येक फेरीला ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल, पुढे रिक्षा, खिडकी, पुन्हा ठाणे, आणि संध्याकाळच्या पंचवटीत पासवाल्यांच्या गर्दीत कसारा घाट चढायचा. रोज अप-डाऊन करणाऱ्या त्या मंडळींबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे.

हे कशाने सुटलं ते नीट लक्षात ठेवा. मी तोंडी बोलणं बंद केलं. एका पानाचा साधा अर्ज लिहिला: "दाखल्यावर माझ्या नावाचा क्रम संस्थेकडून चुकीचा नोंदवला गेला आहे, सोबत पासपोर्ट, सीडीसी आणि इन्डॉसची प्रत जोडली आहे, दुरुस्ती करून मिळावी. दुरुस्ती शक्य नसल्यास कोणत्या नियमानुसार शक्य नाही ते लेखी कळवावे." दोन प्रती नेल्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मागितला. शिक्का द्यायला खूप वेळ काढला, पण मी खुर्चीवरून उठले नाही. "लेखी कळवावे" या दोन शब्दांनी कागद खिडकीवरून आत, कोर्स इनचार्ज कॅप्टनांच्या टेबलावर गेला. त्यांनी पासपोर्ट बघितला, क्लार्कला बोलावलं आणि त्याच दुपारी नवा दाखला निघाला. ॲफिडेव्हिट कुणी उघडूनही बघितलं नाही.

लोकलमध्ये बसल्यावर मला रडू आलं, हेही लिहिते. ज्या कोर्समध्ये एकेक अक्षर सुटं करून सांगायला शिकवतात, समुद्रावरच्या खरखरीत नाव चुकलं तर मदत भलत्या जहाजाला शोधत बसेल म्हणून जहाजाचं नाव तीनदा उच्चारायला लावतात, त्याच कोर्सच्या दाखल्यावर माझं नाव चुकावं आणि ते दुरुस्त करायला एवढं झगडावं लागावं, हे मला फार लागलं.

परीक्षेविषयी, जसं आठवतंय तसं सांगते. फोनेटिक अक्षरं (ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो) सगळ्यांना येतात, आकडे येत नाहीत. ऊनावन, बिसोटू, टेराथ्री, कार्टेफोर, पांटाफाइव्ह असे ते आकडे आहेत. मी नाशिकला सिटीलिंकच्या बसमध्ये बसून समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचायचे: माइक हॉटेल ऊनावन पांटाफाइव्ह. एमएच १५ च्या गाड्यांनी माझी ती तयारी पक्की करून घेतली आणि प्रॅक्टिकलला मी कुठेही अडले नाही, याचा मला अभिमान आहे.

फ्रिक्वेन्सी तोंडपाठच हव्यात. चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, आवाजासाठी. चॅनल ७० म्हणजे १५६.५२५, फक्त डीएससीसाठी, म्हणजे बटणाने जाणाऱ्या डिजिटल कॉलसाठी, त्यावर बोलायचं नाही. नॅव्हटेक्स (जहाजांसाठीच्या छापील सुरक्षा-सूचना) ५१८ किलोहर्ट्झ. इपर्ब (उपग्रहाला संकटाचा सिग्नल देणारा बीकन) ४०६ मेगाहर्ट्झ, बॅटरी ४८ तास. सार्ट (शोधणाऱ्याच्या रडारवर आपली जागा दाखवणारं यंत्र) मात्र रडारच्या ९ गिगाहर्ट्झ बँडवर उत्तर देतो आणि समोरच्या पडद्यावर १२ ठिपक्यांची रांग दिसते. त्याची बॅटरी स्टँडबायवर ९६ तास. ९ आकडी एमएमएसआयमध्ये (जहाजाच्या रेडिओ ओळख-क्रमांकात) भारताचे सुरुवातीचे आकडे ४१९, आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनच्या आधी दोन शून्यं. इपर्बचा सिग्नल आपल्याकडे बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरमधून पुढे जातो आणि शोध-बचाव कोस्ट गार्ड बघतं, हेही वाचून जा.

मेडे (संकट), पॅन-पॅन (तातडी) आणि सेक्युरिते (सुरक्षा-सूचना) या रेडिओवरच्या हाकांमधला फरक उदाहरणासकट तयार ठेवा. इंजिन बंद पडलंय पण लगेच जिवाला धोका नाही, तर पॅन-पॅन. आग आटोक्याबाहेर गेली तर मेडे. वाहत आलेला कंटेनर दिसला तर सेक्युरिते. घाईत तोंडातून सगळ्याला मेडेच निघतं.

आधी सांगायचं राहिलं: कोर्सला नाव नोंदवतानाच क्लार्कच्या मॉनिटरसमोर उभं राहा, आणि सबमिट करण्याआधी तिन्ही खाने स्वतः वाचा. मार्कशीटऐवजी पासपोर्ट पुढे करा. मार्कशीट मागितलीच तर त्याच्या झेरॉक्सवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं पेनाने प्रत्येक शब्दाखाली लिहून द्या. माझ्यानंतर कोर्सला गेलेल्या नाशिकच्या सिडकोतल्या एका मुलाने हे केलं आणि त्याचा दाखला पहिल्याच वेळी बरोबर निघाला.

आणि प्रॅक्टिकलला चुकून डिस्ट्रेसचं बटण दाबलं गेलं तर काय कराल, हे हमखास विचारतात. सेट बंद करून गप्प बसायचं नाही. अलर्ट व्हीएचएफवर (जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर) गेला असेल तर चॅनल १६ वर येऊन जहाजाचं नाव, एमएमएसआय आणि ठिकाण सांगून आवाजात अलर्ट रद्द करायचा. हे उत्तर अडखळत दिलं तर पुढचे प्रश्न वाढतात.