आमची वाटचाल: बुटक्या पिवळ्या गुलाबासोबत

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात मोठ्या फुलांच्या कलमी गुलाबांनी झाली. खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या रानटी गुलाबावर, चांगल्या जातीचा डोळा (फांदी फुटायचा कोंब) भरायचा, पट्टी बांधायची, डोळा फुटला की वरचा खुंट छाटायचा. विक्री बरी व्हायची. पण काही महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत यायचं, "फांद्या भरपूर, फूल एक नाही!" बघावं तर खुंटाचे रानटी फुटवे माजलेले आणि कलम वाळलेलं.

म्हणून आम्ही मिनिएचरकडे, म्हणजे बुटक्या गुलाबांकडे वळलो, त्यातही पिवळ्या 'राइझ अँड शाइन'कडे. कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी १९७७ साली आणलेली ही जात. कळी मोठ्या गुलाबासारखी टोकदार, फूल दीड-दोन इंचांचं. वास नावापुरताच, त्यामुळे सुगंधासाठी येणाऱ्याला आम्ही ही सुचवत नाही.

ही स्वतःच्या मुळांवर वाढते, खुंटाची भानगडच नाही. नुकतंच फूल गळालेली काडी घ्यायची, आगपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड. तीन-चार डोळे ठेवून खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, वरची पानं तशीच. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइटमध्ये (हलके, पांढरे खनिज दाणे) खोचून दमट सावलीत ठेवली की तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढून बघायची. हाताला अडली तर रुजली. उपटून बघण्याचा मोह नवीन मुलांना फार होतो.

खरी कसोटी पुढे. आजच्या गुलाबांतला गडद पिवळा रंग आला 'पर्शियन यलो' या जुन्या गुलाबापासून. फ्रान्सचे गुलाब-पैदासकार पेर्ने-दुशे यांनी त्याच्या संकरातून १९०० साली 'सोलेय दोर' हा गुलाब आणला आणि रंगाबरोबर पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला बळी पडायची खोडही पुढे आली. ही बुरशी रुजायला पान सलग सातएक तास ओलं राहावं लागतं. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी पाणी बंद. सकाळी, तेही बुडाशी. लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला तर मात्र पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारतो, पण सकाळीच, म्हणजे उन्हं चढेपर्यंत पान कोरडं होतं.

आठ इंची कुंडी, तळाला भोकं, सहा तास ऊन, वाळलेलं फूल खालच्या, एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या पानापर्यंत खुडणं, एवढं सांभाळलं की बहरामागून बहर येतात. रोप पहिल्या कळीवर विकलं तर पैसा लवकर सुटतो, हे खरं. आम्ही ती कळी खुडतो आणि रोप दुसऱ्या बहराला बाहेर काढतो. टीपॉयवर ठेवायला मागणाऱ्याला आधी विचारतो, "ऊन कुठून येतं?"