दशावतार रेकॉर्ड करायला गेलो, त्या रात्रीची गोष्ट

कार्तिक पौर्णिमेनंतर तळकोकणात जत्रा सुरू होतात. यंदा कुडाळजवळच्या एका गावात दशावतार रेकॉर्ड करायला गेलो. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलो, रिक्षाने देऊळ गाठलं आणि आधी परवानगीचं उरकलं. ती देवस्थानची घ्या, तशीच नाटक कंपनीच्या मालकांचीही घ्या. आमच्या मालकांची अट एकच होती: वायरीत कोणाचा पाय अडकता कामा नये. काळी टेप जास्तच न्या.

माझ्याकडे झूम एच५ रेकॉर्डर आणि एक कंडेन्सर माइक. एका चॅनलला साउंडवाल्या दादांच्या मिक्सरची ऑक्स आउट (मिक्सरमधून आवाज बाहेर देणारी जोडणी), दुसऱ्याला तो माइक, असा बेत. दादांनी पिन लावून दिली आणि म्हणाले, "दिवो लाल झालो काय माका सांग."

पालखी फिरून मध्यरात्रीनंतर आडदशावतार (मुख्य नाटकाआधीचा भाग) सुरू झाला, संकासुर राक्षस आला, लोक खिदळायला लागले आणि माझ्या हेडफोनमध्ये तडतड. रेकॉर्डरचा दिवा मात्र लाल नाही! गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायची चकती, पार एकवर आणली तरी तेच. मिक्सरचा लाइन सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरकस असतो. तो गेनच्या आधीच फाटत होता, म्हणून मीटरला पत्ता नाही. रेकॉर्डरवरचं पॅडचं, म्हणजे येणारा सिग्नल आधीच कमी करणारं, बटण दाबलं, सिग्नल २० डेसिबलने उतरला आणि आवाज साफ झाला. तोवर संकासुराची पंधरा मिनिटं गेली होती. तुम्ही हे संध्याकाळी माइक टेस्टिंगच्या वेळीच बघून घ्या. आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, कारण रात्र चढते तसे दादा मिक्सरवरचे आवाजाचे फेडर वर सरकवतात. ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला रेकॉर्डरकडून मिळणारी वीज) फक्त माइकच्या चॅनलला द्या, मिक्सरकडे जाऊ देऊ नका.

मग घुंईऽऽ सुरू झालं. रेकॉर्डरचा अ‍ॅडॅप्टर मी दादांच्याच विजेच्या बोर्डात खोचला होता. तो काढून सेलवर चालवला आणि घुंई बंद. फँटम सेल भराभर खातं, तेव्हा जादा जोड्या खिशातच असू द्या, बॅग अंधारात सापडत नाही.

पण खरी चूक मला घरी कळली असती, जर दुसऱ्या चॅनलवरचा तो माइक नसता. मिक्सरमध्ये नटांचे संवाद आणि पेटी एवढंच होतं. मृदंग आणि झांज माइकशिवाय उघडीच वाजत होती. युद्धाला मृदंग कडाडतोय आणि मिक्सरच्या ट्रॅकमध्ये तो शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं. म्हणून नुसत्या मिक्सरवर भिस्त ठेवू नका. माइकचा स्टँड रंगमंचावर नको, राजा बाकड्यावर पाय आपटतो तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये धप्पकन उतरतो. खाली जमिनीवर ठेवा, पायांखाली पंचा घाला. आणि जत्रेतल्या खाज्याची पिशवी घेऊन बसलेल्या पोरांपासून लांब.

माझा माइक स्पीकरपासून साधारण दहा मीटरवर होता. आवाजाला तेवढं अंतर कापायला २९ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दोन्ही ट्रॅक नुसते एकत्र केले की संवाद दुहेरी ऐकू येतात. संपादनात माइकचा ट्रॅक तेवढा सुरुवातीच्या बाजूला ओढा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला दोन चॅनल तासाला साधारण १ जीबी घेतात, ३२ जीबीचं कार्ड अख्ख्या रात्रीला पुरून उरतं.

पहाटे दहीकाला झाल्यावरही रेकॉर्डर चालूच ठेवला होता. फाइलच्या शेवटी बाकडं फरफटत नेल्याचा आवाज आहे आणि अगदी माइकजवळ दादा विचारतायत, "गावला काय रे सगळा?"