आईची तिसरी केमो

आज आईची तिसरी केमो झाली. घरी आलो, तर ताट बघूनच तिनं तोंड फिरवलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नसली की जिला जेवल्यासारखं वाटायचं नाही, तिचं आता तोंड आलंय. पाणीसुद्धा झोंबतं.

आहारतज्ज्ञ मॅडमनी आज बसवून नीट समजावलं. वजनाच्या दर किलोला १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. आई ४८ किलो, म्हणजे निदान ५० ग्रॅम तरी. एकदम पोटभर नको, दोन-दोन तासांनी थोडं थोडं. सगळं शिजवलेलं, कारण केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्ग पटकन होऊ शकतो. तोंडाला लोखंडासारखी चव येते म्हणून स्टीलऐवजी लाकडी चमचा. एवढी साधी गोष्ट, पहिल्या केमोलाच कळायला हवी होती!

आणि भेटायला येणाऱ्यांना हात जोडून विनंती, 'दूध बंद करा, अमुक सोडा' असं तिला सांगू नका. वजन घटलं तर पुढची केमो लांबू शकते.

संध्याकाळी दाण्याची आमटी केली. कूट अगदी गंधासारखं वाटलं, तिखटाचा कणही नाही. वाफेच्या वासानं मळमळतं म्हणून कोमट करून, मऊ भातात कालवून दिली. निम्मी वाटी संपली. मग म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय गं."