काळे कासारांच्या आधी कसे?

एका पतसंस्थेच्या निवडणुकीची प्रारूप मतदार यादी आमच्या पायथन प्रोग्रामातून निघते. फलकावर लागली आणि तासाभरात तिथल्या जुन्या लेखनिकांचा, तात्यांचा फोन. "साहेब, काळे कासारांच्या आधी आणि क्षीरसागर कोळ्यांच्या मागं? तुमचा कॉम्प्युटर शाळेत गेला होता का?"

नावं क्रमानं लावणारं सॉर्ट अक्षरं ओळखत नाही, युनिकोडचे, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले, क्रमांक बघतं. वर्णमालेत ह नंतर येणारा ळ त्यात ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. क्ष, ज्ञ यांना स्वतःचा क्रमांकच नाही. क्ष म्हणजे क, हलन्त, ष, म्हणून तो क च्या शेपटाला जातो. ॲ ची तर कमालच. ते अक्षर 2008 मध्ये आलं, तोवर सुरुवातीच्या जागा भरलेल्या. त्यामुळे ज्यांनी नावाआधी 'ॲड.' लावलं होतं ते सगळे वकील ह नंतर, यादीच्या तळाशी. एकाचं मात्र अ वर चंद्र देऊन टाइप केलेलं, तो अहिरेंच्या शेजारी.

आता माझ्या आवडीचा भाग. ह चा क्रमांक 0939, काना 093E (या मोजणीत 9 नंतर A, B, C असे अंक येतात). मधल्या चारांपैकी पहिल्या तीन जागांवर काश्मिरीच्या दोन मात्रा आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब). आमच्या सभासदांच्या नावांत यातलं काही येत नाही. म्हणून की-फंक्शनमध्ये, म्हणजे सॉर्टला तुलनेसाठी नावाचं बदललेलं रूप (की) देणाऱ्या फंक्शनमध्ये, फक्त तुलनेपुरते ळ, क्ष, ज्ञ तिथं बसवले. छापताना मूळ नावच छापलं जातं, आणि प्रत्येक नावाला की एकदाच काढली जाते, म्हणजे वेगाचीही तक्रार नाही. सहकारी म्हणाला, हे जुगाड आहे, भाषेप्रमाणे क्रम लावणारी तयार आयसीयू लायब्ररी वापर. बरोबर आहे त्याचं. पण संस्थेच्या सर्व्हरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी मिळेपर्यंत पुढची निवडणूक आली असती.

क्रम बदलला तर अनुक्रमांक बदलणार, आणि हरकती त्याच अनुक्रमांकांवर आलेल्या. म्हणून दुरुस्ती अंतिम यादीत गेली. हे पटलं, तरी खटकतंच: इतकी वर्षं असंच छापलं जात होतं आणि बोलले एकटे तात्या. काउंटरवरची मुलं सर्चमध्ये नाव टाकतात, त्यांना काळे कुठेही असले तरी चालतात.

उपाधीला वेगळा रकाना ठेवा असं मी सुचवलं. फॉर्म छापून झालेत, म्हणाले. मग 'ॲड.' आणि 'डॉ.' गाळणाऱ्या दोन ओळी की-फंक्शनमध्ये घातल्या. परवा एक 'ह.भ.प.' आले.